एकाची पाटी, गटाची गाडी



पावसाळी टोमॅटोचा तोडा सुरू झाला की नाशिक, अहिल्यानगर, पुणे भागातल्या रस्त्यांवर दुपारनंतर एक देखावा हमखास दिसतो. फाट्यावर वीस-पंचवीस जाळ्या रचलेल्या, शेजारी शेतकरी उभा, आणि डोळे टेम्पोच्या वाटेकडे लागलेले. थोडे पुढे गेले की तसाच दुसरा, मग तिसरा. एकाच गावचे आठ जण आठ गाड्यांची वाट पाहतात. माल सगळ्यांचा एकाच बाजारात जायचा, बहुधा एकाच गाळ्यासमोर उतरायचा. पण भाडी आठ, भाव विचारणारे फोन आठ, आणि बाजारात रात्र काढणारी माणसेही आठ.

आज या सदरात भाजीपाल्याच्या गटाविषयी लिहायचे योजले आहे. गट म्हटले की काही मंडळी गालातल्या गालात हसतात, आणि त्यांचे हसणे अगदीच खोटे नाही. गावोगाव गट झाले, शिक्के झाले, बँकेत खाती उघडली. अनुदानावर एखादे औजार आले आणि ते ज्याच्या वाड्यात उभे राहिले त्याचेच होऊन बसले. पुढे वर्षभर बैठक नाही, वही नाही. असे गट मी नोकरीत पुष्कळ पाहिले. आमच्या खात्याचाही त्यात वाटा आहे, कारण मार्चअखेर आकडा भरायचा असतो. पण ऊन-पावसात टिकलेले गटही पाहिले आहेत. ते का टिकले, हे सांगावे म्हणून आजचा लेख.

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. आपल्या महाराष्ट्राला सहकार काही नवा नाही. लोणीच्या प्रवरा कारखान्याने १९५० च्या सुमारास सहकारी साखरेची वाट दाखवली आणि पुढे सगळा पश्चिम महाराष्ट्र त्या वाटेने गेला. दुधाच्या संस्था गावोगाव उभ्या राहिल्या. मग भाजीपाल्याचेच घोडे का अडले? कारण उघड आहे. उसाचे बांधलेले गिऱ्हाईक म्हणजे कारखाना. ऊस तोडला की चोवीस तासांत गेलाच पाहिजे, आणि तो बहुधा जवळच्याच कारखान्याला जातो. दूध बारा महिने, सकाळ-संध्याकाळ निघते, त्यामुळे संस्थेशी रोजचा संबंध राहतो. भाजीचे तसे नाही. आज वांगी, उद्या कोबी, परवा काहीच नाही. एकाच दिवशी एकाच बाजारात सकाळी सातचा भाव वेगळा आणि नऊचा वेगळा. विकणारा मोकळा, घेणारा मोकळा. म्हणून भाजीवाल्यांचा गट बांधणे म्हणजे ओल्या वाळूचा लाडू वळण्यासारखे आहे. वळतो, पण हात सतत ओला ठेवावा लागतो.

तरीही तो वळावा असे मी का म्हणतो, ते हिशेबाने पाहू. समजा, तुमच्याकडे वीस जाळ्या टोमॅटो निघाला, जाळी वीस किलोची. लहान गाडी अठराशे रुपयांना ठरवली, तर जाळीमागे नव्वद रुपये भाडे पडले. त्याच दिवशी गावातल्या सहा जणांनी मिळून एकशेवीस जाळ्यांची मोठी गाडी छत्तीसशेला केली, तर जाळीमागे तीसच रुपये. साठ रुपयांचा फरक, म्हणजे किलोला तीन रुपये. किलोला तीन रुपये बाजारातून वाढवून घ्यायचे म्हटले तर किती हुज्जत घालावी लागते ते तुम्हीच जाणता. इथे हुज्जत नाही, फक्त शेजाऱ्याशी बोलायचे आहे. भाडे तुमच्या गावच्या अंतराप्रमाणे बदलेल, पण हिशेबाची रीत हीच. आज रात्री पाटी-पेन्सिल घेऊन मुलाला बसवा आणि आपल्या गावचे आकडे मांडायला सांगा.

खते, औषधे, मल्चिंगचा कागद, बांबू, सुतळी यांचेही असेच. एकट्याला दुकानदार उधारीचा दर लावतो, अठरा जणांच्या रोख मागणीला ठोक दर लावतो. पण खरेदीतली बचत हा गटाचा सोपा भाग आहे. ती पहिल्याच वर्षी जमते आणि तिच्यावरून गट मोडल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. गट मोडतो तो विक्रीवरून.

विक्रीच्या बाबतीत पहिल्यांदा आडत्याविषयी बोलायला हवे. आमच्या भाषणांतून आडत्याला शिव्या देण्याची पद्धत आहे. मला ती पसंत नाही. आडत्या नुसता माल विकत नाही. तो रात्री बाराला फोन उचलतो. मुलीच्या लग्नाला, मोटार जळाली तर, आजारपणाला उचल देतो. तारण मागत नाही, फेऱ्या मारायला लावत नाही. म्हणजे तो शेतकऱ्याची बँकच झाला. त्याचे मोल तो पुढे मालातून वसूल करतो, ही गोष्ट वेगळी. २०१६ साली राज्यात फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, आणि आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घ्यावी असा नियम झाला. नियम चांगला झाला. बाजार समितीच्या आवाराबाहेर कुणालाही माल विकायची मुभा मिळाली. पण ज्याने उचल घेतली आहे तो या मुभेचे काय करणार? त्याचा माल जाऊन-येऊन त्याच गाळ्यावर जाणार. तेव्हा जो गट सभासदाच्या अडीअडचणीला दोन पैसे उभे करू शकत नाही, त्याने आडत्याशी बरोबरी करण्याच्या गोष्टी करू नयेत.

यावरून एका गटाची हकीकत सांगतो. गाव संगमनेर आणि जुन्नर तालुक्यांच्या शिवेकडचे; नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. अठरा घरांचा गट, सगळे टोमॅटोवाले. २०२३ सालची गोष्ट. त्या वर्षी उन्हाळ्यात टोमॅटोची काय दैना झाली होती ती आठवा. मे महिन्यात किलोला दोन-तीन रुपयेही मिळेनात, कित्येकांनी उभ्या पिकात जनावरे सोडली. अशा वेळी या गटाने मुंबईच्या एका भाजी पुरवठादाराशी बोलणी केली आणि जूनच्या शेवटापासून सप्टेंबरअखेर पहिल्या प्रतीचा माल किलोला चौदा रुपये दराने द्यायचे ठरवले. दोन रुपयांच्या बाजारात चौदा रुपये म्हणजे देवच पावला. गावात पेढे वाटले.

आणि मग जुलै उजाडला. लागवडी आधीच घटल्या होत्या, त्यात कुठे ऊन तर कुठे पाऊस. भाव असा चढला की नारायणगावच्या बाजारात वीस किलोची जाळी दोन हजारांच्या पुढे गेली. दिल्लीत सरकारला आंध्र, कर्नाटक आणि आपल्या महाराष्ट्रातून टोमॅटो विकत घेऊन तो गाड्यांवरून स्वस्तात विकावा लागला. बाजारात शंभर रुपये किलो, आणि आपल्या या अठरा घरांनी शब्द दिलेला चौदाचा! आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कुणाच्या पोटात कालवाकालव होणार नाही?

आठवडाभर दात-ओठ खाऊन सगळ्यांनी माल दिला. नवव्या की दहाव्या दिवशी एका सभासदाच्या चाळीस जाळ्या कमी आल्या. "करपा आला, माल गळाला," असे त्याने सांगितले. पण गटाच्या जाळ्या हिरव्या रंगाच्या, त्यांवर पांढऱ्या रंगात अक्षर. दुसऱ्या दिवशी गावच्याच एका ड्रायव्हरने त्या जाळ्या बाजारात एका गाळ्यासमोर पाहिल्या आणि मोबाईलवर फोटो पाठवला. संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक बसली. मी योगायोगाने त्या गावी पीक पाहणीला गेलो होतो, म्हणून मलाही बसवून घेतले.

तरुण पोरे तापली होती. काढून टाका, दंड करा, पाणी तोडा, असे एकेक सुरू झाले. तेव्हा गटातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "त्याला आधी विचारा तरी, पैसा कशाला लागला?" विचारल्यावर त्या माणसाने मान खाली घालून सांगितले. मागच्या वर्षी भाव पडला तेव्हा त्याने गाळ्यावरून दीड लाखाची उचल घेतली होती. तेजी आली तसा गाळेवाल्याचा निरोप आला: आता माल माझ्याकडे टाक, नाहीतर पैसे परत आण. त्याची काही चूक नव्हती, पैसे त्याचेच होते. हा माणूस दोन्हीकडून कात्रीत सापडला होता.

पारावर बराच वेळ कुणी बोलले नाही. कारण तसे पाहिले तर अठरापैकी पाच-सात जणांच्या अंगावर अशी उचल होती, आणि ती गट करताना कुणी कुणाला विचारलीच नव्हती.

त्या रात्री त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, गटाच्या शिल्लक रकमेतून या माणसाच्या उचलीतला काही भाग लगेच फेडायचा, आणि तो त्याच्या मालातून जाळीमागे ठरावीक रक्कम कापून परत घ्यायचा. दुसरी गोष्ट अधिक कठीण होती. चोरून माल विकण्यापेक्षा सरळ खरेदीदाराकडे जाऊन तोंडावर बोलायचे. दोन जण मुंबईला गेले. "करार मोडत नाही, पण या दराने आमची माणसे टिकणार नाहीत, आणि माणसे टिकली नाहीत तर तुम्हाला मालही मिळणार नाही," असे त्यांनी सांगितले. खरेदीदारही काही धर्मादाय करायला बसला नव्हता. पहिल्या दिवशी तो आडवेतिडवे बोलला. शेवटी असे ठरले: मालाचे दोन भाग करायचे. निम्मा माल गटाने मोकळ्या बाजारात विकावा. उरलेला निम्मा त्याला द्यावा. मात्र बाजार ठरल्या दरापेक्षा फारच वर गेला तर वरच्या फरकाचे अर्धे शेतकऱ्याला, अर्धे त्याला. आणि भाव कितीही पडला तरी बारा रुपयांच्या खाली तो जाणार नाही.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तेजी पाहून जो तो टोमॅटो लावत सुटला. सप्टेंबरात माल एकदम आला आणि भाव धाडकन कोसळला. नाशिककडे जाळीला शंभर रुपयेही मिळेनात. लोकांनी रस्त्यावर टोमॅटो ओतले. या अठरा घरांचा निम्मा माल मात्र बारा रुपयांनी जात राहिला. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. खरेदीदाराने त्या महिन्यात प्रतवारी एकाएकी कडक केली, डाग दिसला की जाळी परत, आकार लहान दिसला की जाळी परत. दर मोडला नाही, पण जमेल तिथे हात आखडला. गटाने मग गाडी भरताना प्रत्येक खेपेचे फोटो काढून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा ते परतीचे प्रकरण थोडे कमी झाले. व्यवहार म्हटला की हे चालायचेच.

या हकीकतीतून नव्या गटांनी उचलण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे, शंभर टक्के माल गटालाच द्या असा नियम कागदावर शोभतो, शेतावर टिकत नाही. सुरुवातीला निम्मा किंवा दोन-तृतीयांश माल गटाचा, बाकीचा ज्याचा तो मोकळा, असे ठेवावे. दोराला थोडी ढील असली की जनावर दावे तोडत नाही. आणि सभासद करून घेताना त्याच्या अंगावर कुणाची उचल आहे का, हे घरच्यासारखे बसून विचारावे. विचारायला अवघड जाते खरे. पण ऐन तेजीत पारावर विचारण्यापेक्षा ते बरे.

पैसा किती दिवसांत हातात पडतो, यावरही गटाचे आयुष्य अवलंबून आहे. आडत्या पट्टी बहुधा त्याच दिवशी देतो. गटाने "कंपनीकडून बिल आले की देऊ" म्हणून पंधरा दिवस लावले, तर तोडणीच्या बायांची मजुरी कशातून द्यायची? त्यांचा आठवडा तर थांबत नाही. म्हणून गटाजवळ चार-आठ दिवस पुरेल एवढे खेळते भांडवल असावे. ते जाळीमागे दोन-पाच रुपये कापून हळूहळू जमते. आणि रोजची पट्टी रोज सर्वांना दिसली पाहिजे. पूर्वी हे अवघड होते, आता पट्टीचा फोटो काढून मोबाईलवरच्या गटात टाकला की झाले. ज्या गटात पट्ट्या अध्यक्षाच्या खिशात राहतात, त्या गटाच्या अध्यक्षाचे नवे घर गावाच्या डोळ्यांत खुपायला लागते, मग ते घर त्याने स्वतःच्या कष्टाने का बांधलेले असेना.

सगळी कामे एकाच होतकरू पोराच्या गळ्यात घालू नयेत, हेही सांगून ठेवतो. केरळात १९९३ नंतर भाजीपाला आणि केळी उत्पादकांचे छोटे छोटे गट बांधले गेले. तिथे प्रत्येक गटात तीन जाणते शेतकरी निवडायची रीत आहे: एक पिकाचे पाहणारा, एक कर्जाचे, एक विक्रीचे. असे काही गट एकत्र येऊन गावाजवळ आपला स्वतःचा बाजार भरवतात; शेतकरी माल घेऊन तिथे येतात आणि व्यापारी त्यांच्याकडे चालत येतो. आपल्याकडे बरोबर उलटे आहे. पन्नास गावचा माल व्यापाऱ्याच्या दारात जातो. उतरवलेला माल परत नेणे परवडत नाही, म्हणून मिळेल तो भाव घ्यावा लागतो.

आता शेताकडे वळू. गटाचा धंदा बाजारात सुरू होत नाही, रोपवाटिकेत होतो. अठरा जणांनी एकाच आठवड्यात लागवड केली तर तोडाही एकाच आठवड्यात येणार. मग पहिले दोन दिवस गाडी भरून जाईल, तिसऱ्या दिवशी बाजार आपल्याच मालाने पडेल आणि महिन्याभराने द्यायला काही उरणार नाही. रोज शंभर जाळ्या पाहिजेत असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला रोज शंभरच जाळ्या लागतात. आज तीनशे आणि उद्या वीस त्याच्या कामाच्या नाहीत. तेव्हा लागवडीच्या पाळ्या लावाव्यात. चार-पाच घरांनी पहिल्या आठवड्यात, पुढच्यांनी दहा-बारा दिवसांनी, असे. वाण शक्यतो एकच किंवा दोनच, म्हणजे माल एकसारखा दिसतो. रोपे एकाच ठिकाणी, कीटकरोधक जाळीखाली, कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये करावीत. ट्रेमधले रोप मुळांसकट उचलून लागते, मर कमी होते, आणि पांढरी माशी रोपातच विषाणू पोचवते तो धोकाही कमी होतो. पाळी कुणाची पहिली, कुणाची शेवटची, यावर भांडण होते. काही गट चिठ्ठ्या टाकतात. काही गट दर हंगामाला क्रम उलटा फिरवतात. मला दुसरी रीत अधिक न्याय्य वाटते.

तोडणीचे म्हणाल तर लांबच्या बाजारासाठी टोमॅटो पूर्ण लाल होऊ देऊ नये. टोकाकडे गुलाबी-तांबूस छटा आली की तोडावा. भेंडी एक दिवसाआड तोडावी, एक दिवस चुकला की ती जून होते आणि चांगल्या जाळीचा भाव खाते. तोडलेला माल उन्हात ठेवू नये. झाडाखाली, ओल्या पोत्याच्या आडोशाला, हवा खेळेल असा ठेवला तरी बराच फरक पडतो. शीतगृहाच्या गोष्टी त्यानंतर कराव्यात. कित्येक गटांना मी शीतगृहाचा प्रस्ताव घेऊन धावताना पाहतो. त्यांच्या बांधावर मात्र माल दोन-दोन तास उन्हात तापत असतो.

प्रतवारीबद्दल घरातल्या माउलींशी बोलतो, कारण हे काम त्याच करतात. फळ हातात घेतले की कोणते चार दिवस टिकेल आणि कोणते उद्याच मऊ पडेल, हे तोडणाऱ्या बाईच्या बोटांना कळते, ते अध्यक्षांना कळत नाही. तरी बैठकीला बोलावतात ते पुरुषांना, आणि सभासद म्हणून नाव लागते तेही बहुधा सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याचे. सिन्नरकडच्या एका गटात वरच्या थरात चांगला माल आणि खाली किडका, अशी तक्रार वारंवार येई. जाळीवर घराचा क्रमांक होता तरी प्रत्येक जण म्हणे, माझ्याकडून नाही. शेवटी त्यांनी प्रतवारी घरोघरी न ठेवता एका शेडमध्ये आणली आणि गावातल्या बचत गटाच्या पाच बायांना जाळीमागे मजुरी ठरवून ते काम दिले. त्या बायांनी पहिल्याच दिवशी एका बड्या सभासदाच्या अकरा जाळ्या बाजूला काढून ठेवल्या. तो रागाने लाल झाला, पण पाचही जणी हटल्या नाहीत. "दादा, आमची मजुरी जाळीवर आहे, तुमच्या नात्यावर नाही," असे एकीने सुनावले. महिना झाला नाही तोच तक्रारी थांबल्या.

औषधांच्या बाबतीत गटाची जबाबदारी एकट्यापेक्षा मोठी असते. एकाने तोडणीच्या आदल्या दिवशी फवारा मारला तर अठरा जणांची गाडी नापास होऊ शकते. प्रत्येक औषधाच्या डब्यावर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेले असते; ते वाचून वहीत तारीख लिहावी. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे. तरी अजून कुणी विचारले की, "साहेब, थोडे मारले तर काय होते?" तर माझे उत्तर ठरलेले आहे: ती भाजी आधी तुमच्या घरात शिजवा. युरोपला भेंडी पाठवायची असेल तर शेताची नोंदणी आणि फवारणीची नोंद लागते. एकट्याला तो खर्च आणि ती कागदपत्रे झेपत नाहीत, गटाला झेपतात.

विकायच्या वाटा आता पुष्कळ आहेत. राज्य कृषी पणन मंडळाने २०१६ साली संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजाराची योजना सुरू केली. पुण्या-मुंबईकडे गटांना तिथे थेट गिऱ्हाईक मिळाले. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले, तेव्हा अनेक गटांनी भाजीच्या पिशव्या भरून शहरातल्या सोसायट्यांच्या दारात पोचवल्या. टाळेबंदी उठल्यावर त्यातले बरेचसे गिऱ्हाईक पांगले, हेही खरे. पण ज्यांनी पिशवीत सडका नग जाऊ दिला नाही, त्यांच्याकडचे काही टिकून राहिले. जुनी उदाहरणे पाहायची तर बंगळूरला १९५९ साली द्राक्षवाल्यांची सहकारी संस्था निघाली. तिचेच पुढे हॉपकॉम्स झाले आणि शहरभर फळा-भाजीची दुकाने उभी राहिली. आपल्याकडे १९९१ साली द्राक्षवाल्यांच्या संस्थांनी मिळून महाग्रेप्स काढली आणि परदेशी बाजाराची वाट धरली. आज दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी द्राक्षांबरोबर टोमॅटोवरही प्रक्रिया करते. तिथे सहली जातात, लोक यंत्रे पाहून थक्क होऊन परत येतात. जरूर जावे. पण यंत्रे पाहण्याआधी तिथल्या माणसांना विचारावे की पहिली पाच वर्षे माल कसा गोळा केला, पैसे कसे वाटले. सॉसचा कारखाना हा शेंडा आहे. स्वस्त, पडेल भावाच्या टोमॅटोवर कारखाना चालतो असा पुष्कळांचा समज असतो. कारखान्याला ठरल्या प्रतीचा, लाल, घट्ट गराचा माल ठरल्या दिवशी लागतो. बाजारात न खपलेला उरलासुरला त्याच्या उपयोगाचा नसतो.

राहता राहिली कंपनीची गोष्ट. अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. दहा शेतकरी मिळून ती नोंदवता येते, आणि भागभांडवल कमी-जास्त असले तरी मत एका सभासदाला एकच. ही तरतूद फार मोलाची आहे. पैसेवाल्याला कंपनी खिशात घालता येत नाही. केंद्र सरकारने २०२० साली दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना काढली. तिच्यात सपाट प्रदेशात किमान तीनशे सभासद, व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत अठरा लाखांपर्यंत मदत, आणि सभासदामागे दोन हजारांपर्यंत भागभांडवलाला जोड, असे ठरले. २०२५ च्या फेब्रुवारीत दहा हजारावी संस्था झाल्याचे जाहीरही झाले. पण कंपनी झाली की दरवर्षी लेखापरीक्षण, वार्षिक सभा, विवरणपत्रे हे सारे आले. चुकले की दंड. ज्या गटाची वही आज महिना-महिना कोरी असते, त्याने कंपनी काढणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड होणे. दोन हंगाम एकत्र विक्री करा, हिशेब जमतो का पाहा, शेजारच्या गावचे दोन-चार गट जोडा, आणि गाड्या रोज भरायला लागल्या की मग सनदी लेखापालाकडे जा.

नव्याने बसणाऱ्या गटांसाठी आणखी एक व्यवहाराचे सांगतो. पुढच्या लागवडीपूर्वी, प्रत्येकाने आपल्या घरी खुंटीला अडकवलेल्या मागच्या हंगामाच्या सगळ्या पट्ट्या काढाव्यात आणि एका दिवशी एकत्र बसून मांडाव्यात. तारीख, जाळ्या, दर, हमाली, तोलाई, भाडे, हातात पडलेली रक्कम, असे रकाने पाडावेत. एकाच दिवशी, एकाच बाजारात, एकाच गावच्या मालाला तीन वेगळे दर मिळालेले दिसतील. ते का मिळाले, यावर त्या दिवशी जी चर्चा होईल ती तालुक्याच्या कुठल्याही प्रशिक्षणात होणार नाही. चहा मात्र ज्याच्या घरी बैठक असेल त्याने द्यावा, गटाच्या खात्यातून नको. तो तक्ता घेऊन कृषी कार्यालयात आत्माच्या माणसाकडे या. पाळ्या कशा लावायच्या आणि रोपे कधी टाकायची, ते तुमच्याच आकड्यांवरून ठरवता येईल.